मावळच्या डोंगरदेवांच्या वाटा

मौजे परंदवडी हे मावळ तालुक्यात, पवनेच्या खोऱ्यात वसलेले एक गाव. पिढ्यान्‌पिढ्या भातशेतीवर जगलेले, आणि आता द्रुतगती मार्ग व उर्स्याकडचे कारखाने यांच्या शेजाराने भराभर पालटत चाललेले. अशा गावाच्या नावे इतिहासाच्या ग्रंथांत स्वतंत्र प्रकरण सहसा नसते. तथापि त्याच्या शिवारातून सभोवारच्या मुलखाचा विचार केला, तर पूर्वेस शेलारवाडीवरचा घोरवडेश्वर, जवळच सोमाटण्याच्या डोंगरावरची चौराई, पश्चिमेस पवनेच्या वरच्या अंगाला तुंगाई आणि तुळजाई यांना आश्रय देणारे तुंग व तिकोना हे किल्ले, आणि लोहगड-विसापूरच्या पलीकडे इंद्रायणीच्या खोऱ्यावर नजर ठेवून बसलेली कार्ल्याची एकवीरा, अशी डोंगरावरच्या देवस्थानांची एक सलग रांग ध्यानात येते. या देवतांची माहात्म्ये आपल्याकडे पुष्कळांनी वर्णिली. त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटांची हकीकत मात्र क्वचितच कोणी मन लावून सांगितली. वस्तुतः मावळातील डोंगरी देवस्थानांचा इतिहास हा त्या वाटांचाच इतिहास आहे, असे माझे मत झाले आहे. येथे वाट आधी आणि देऊळ मागाहून. आणि वाट पालटली की यात्राही पालटली.

हिमालयातील केदार-बदरीची गोष्ट निराळी आहे. तेथे देवस्थान लोकवस्तीपासून दूर, व्यापाराच्या आणि शेतीच्या नित्य व्यवहारापासून अलिप्त अशा हिमाच्छादित प्रदेशात असते, आणि त्या दूरत्वातच त्या यात्रेचे पुण्य साठविलेले आहे अशी श्रद्धा असते. सह्याद्रीतील देव असा दूर गेलेला नाही. तो रोजच्या वाटेच्या डोक्यावर बसलेला आहे. घाट चढून आलेल्या बैलाच्या पाठीवरची गोणी जेथे प्रथम उतरवावी, तेथून मान वर करताच त्याची पताका दिसावी, इतका तो जवळचा आहे. आणि म्हणूनच मावळच्या माणसाने काशीयात्रेची कावड आयुष्यात एकदाही खांद्यावर घेतली नसली, तरी डोंगरावरचे देवदर्शन त्याला परके कधीच नव्हते.

या जवळिकीचे कारण भूगोलात आहे. कोकणपट्टीवरील कल्याण, सोपारा आणि चौल या प्राचीन बंदरांत उतरलेला माल पैठण आणि तेर या देशावरच्या पेठांकडे न्यावयाचा, तर सह्याद्रीची भिंत कोठे तरी ओलांडणे प्राप्त होते. आणि बोरघाटाच्या परिसरातील वाटा चढून आलेला तांडा प्रथम ज्या प्रदेशात पाऊल टाकी तो प्रदेश म्हणजे मावळ. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ ही खोरी जणू त्या भिंतीला पडलेली दारे होत. या दारांशीच कार्ले, भाजे, बेडसे आणि शेलारवाडी येथील लेणी कोरली गेली, हा योगायोग नव्हे. बौद्ध भिक्षूंना पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नेम असे; त्यांना निवारा हवा होता, पाणी हवे होते, आणि भिक्षा घालणारा गृहस्थही हवा होता; आणि त्या गृहस्थाला, घाटातील वाघ, चोर आणि पाऊस यांच्या तावडीतून सुखरूप बाहेर पडल्यावर, कृतज्ञतेने हात जोडण्यास एक स्थान हवे होते. या परस्परांच्या गरजेतून मावळातील पहिल्या डोंगरयात्रा निर्माण झाल्या.

त्या यात्रेकरूंची नावे आपल्याला ठाऊक आहेत, हे केवढे भाग्य! राजांची नावे सर्वच देशांत उरतात. परंतु कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तंभाच्या अंगावर ज्यांची नावे कोरलेली आहेत ते बहुतांशी व्यापारी, कारागीर, भिक्षू आणि गृहस्थ होते. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळजवळ तितकेच उंच असे हे पाषाणमंदिर वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्णतेस नेले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे असे त्याने अभिमानाने लिहवून ठेवले. प्रवेशद्वारापुढचा सिंहस्तंभ हे महारठी अग्निमित्रणकाचे दान. आतील स्तंभांपैकी काही धेनुकाकट येथे राहणाऱ्या यवनांनी दिले, तर एक सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित नावाच्या भिक्षूने दिला. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकच्या, म्हणजे कार्ल्याच्याच, या लेण्यांत वर्षावासास राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी एक गाव लावून दिले, आणि पुढे सातवाहनांचा अंमल आल्यावर त्यांच्याकडूनही असेच दान झाले. पुढील काळात ज्याला आपण देवस्थान इनाम म्हणू लागलो, त्याचे मावळातील सर्वांत जुने दाखले हेच होत. सनद कागदावर न लिहिता कड्यावर लिहिलेली, एवढाच काय तो फरक.

पण या सर्व दानशूरांपेक्षा माझे मन अधिक गुंतते ते परंदवडीला निकट असलेल्या शेलारवाडीच्या लेण्यात. कार्ल्याच्या भव्यतेशी तुलना करण्यासारखे येथे काही नाही. डोंगराच्या कुशीत, चढणीने छातीचा भाता हलू लागल्यावर, काही साधी लेणी, भिक्षूंच्या खोल्या आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी एवढेच दृष्टीस पडते. परंतु येथल्या एका ब्राह्मी लेखात असे नमूद आहे की, हे लेणे धेनुकाकट येथील उसभणक नावाच्या नांगरट्या कुणब्याची पत्नी सिअगुतणिका हिने आपल्या नंद नावाच्या पुत्रासह दान दिले. हा मजकूर वाचून जो विचारमग्न होणार नाही, त्याला इतिहासाची गोडी लागणे कठीण. एका शेतकऱ्याच्या स्त्रीने, आपल्या घरच्या धान्याच्या कणगीतून उरलेल्या मिळकतीवर, पाथरवटांना कामास लावून डोंगरात एक निवारा खोदविला आणि त्यावर नवऱ्याचा धंदा न लपविता आपले नाव घातले. आज सुमारे दोन हजार वर्षांनंतरही त्या आसमंतातील कुणब्याची स्त्री श्रावणातल्या सोमवारी बेलपत्र घेऊन तोच डोंगर चढते. दोघींच्या मुखातला देव निराळा. पण पायांखालचा डोंगर तोच, आणि घरचा नांगरही तोच.

हे धेनुकाकट कोठे होते, याविषयी विद्वानांत एकवाक्यता नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते कार्ल्याच्याच आसपास, देवघर या गावाच्या बाजूस असावे, असे अनुमान केले. ते सर्वमान्य झालेले नसले, तरी कोसंबींच्या शोधाची रीत मात्र प्रत्येक मावळकराने समजून घ्यावी अशी आहे. गणिताचा हा प्राध्यापक सुटीच्या दिवशी हातात काठी घेऊन पुणे जिल्ह्यातील टेकड्या पायांखाली घाली, गावकऱ्यांशी बोले, शेंदूर फासलेल्या दगडाचे नाव विचारी, आणि त्या दगडाच्या आसपास सापडणारी सूक्ष्म अश्मास्त्रे वेचून त्यांची टिपणे करी. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असा सिद्धान्त मांडला की, मातृदेवतांची ठाणी बहुधा अतिप्राचीन वाटांच्या तिठ्यावर आणि चौरस्त्यांवर असतात. बौद्धांनी आपले विहार त्याच ठिकाणी उभारले, आणि विहार ओस पडल्यावर देवतांनी आपली जागा पुन्हा घेतली. बेडशाच्या लेण्यात शेंदराने माखलेली यमाई आणि कार्ल्याच्या चैत्यापुढची एकवीरा ही त्यांची उदाहरणे होत. हा सिद्धान्त प्रत्येक तपशिलात टिकेल असे नाही. पण देवाचे ठाणे समजण्यासाठी आधी वाट समजली पाहिजे, ही त्यातली दृष्टी मला निर्विवाद खरी वाटते.

लेण्यांतून भिक्षू केव्हा निघून गेले आणि देवतांची स्थापना केव्हा झाली, याची तिथीवार नोंद शोधण्यात अर्थ नाही. तो पालट शतकानुशतके मंदगतीने झाला. घोरवडेश्वराच्या चैत्यात शिवलिंग आले. कार्ल्याला चैत्याच्या तोंडाशी उजव्या हाताला देवीचे मंदिर उभे राहिले. डाव्या बाजूस सिंहस्तंभ अद्यापि आहे, आणि उजव्या बाजूचा त्याचा जोडीदार ज्या जागी असावयाचा तीच देवीची जागा, असे समजले जाते. लोकांनी लेण्यांच्या कर्त्यांची नावे विसरून ती पांडवांच्या खात्यावर जमा केली, आणि एका रात्रीत कोरली अशी कथा सांगितली. इतिहासाच्या अभ्यासकाने या कथेवर रुष्ट होऊ नये. अमानुष वाटणाऱ्या श्रमांपुढे नम्र होण्याची ती लोकांची रीत होती, आणि या नम्रतेनेच लेण्यांचे रक्षणही केले. कारण जेथे देव आहे असे मानले जाते तेथला दगड कोणी घराच्या जोत्यासाठी काढून नेत नाही.

मध्ययुगाच्या अखेरीस या डोंगरांना आणखी एक उपयोग लाभला, आणि तो यात्रेच्या अगदी उलट होता. देहूचे तुकाराम महाराज गावातील कोलाहलापासून दूर एकान्तासाठी डोंगर जवळ करीत. भामचंद्र, इंदोरीजवळचा भंडारा आणि हा घोरवडेश्वर अशी तिन्ही स्थाने त्यांच्या चिंतनाशी परंपरेने जोडली गेली आहेत. भंडाऱ्यावरही जुनी लेणी आहेत हे लक्षात घेतले, म्हणजे भिक्षूंनी वर्षावासासाठी निवडलेली जागा सतराव्या शतकातील वाण्याच्या घरच्या संताला का मानवली असेल, ते उमगते. मनुष्याला एकान्त हवा आणि तरीही खाली आपले गाव दिसत राहावे, एवढीच उंची या डोंगरांना आहे. एका माणसाच्या एकान्तासाठी जी जागा पवित्र झाली तीच पुढे सहस्रावधींच्या गर्दीचे स्थान झाली. माघ शुद्ध दशमीला भंडाऱ्यावर जमणारा वारकऱ्यांचा समुदाय ज्याने पाहिला आहे, त्याला हे सांगावयास नको.

मराठेशाहीत डोंगरदेवांच्या वाटेला राजाश्रय मिळाला तो दोन प्रकारांनी. पहिला इनामाचा. देवाच्या पूजाअर्चेसाठी, दिवाबत्तीसाठी, नैवेद्यासाठी आणि गुरवाच्या पोटासाठी जमीन लावून द्यावयाची, तिची सनद करून द्यावयाची, आणि दर साल वहिवाट चालविल्याची खातरजमा करावयाची, ही पद्धत सर्व मुलखात रूढ होती. मावळातील डोंगरावरच्या देवाची रोजची सेवा बहुधा गुरवाकडे असे, आणि भर आषाढात, ढग उंबऱ्याशी उतरलेले असताना, निसरड्या वाटेने वर जाऊन दिवा लावून येणारा हा सेवेकरी नसता तर यात्रेच्या दिवसांखेरीज वर्षभर देव अंधारात राहिला असता. इंग्रजी अंमलात १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी आरंभली, तेव्हा दप्तरे उलगडली गेली, पुराव्याचे कागद मागितले गेले, आणि ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांची धांदल उडाली. तथापि देवस्थान इनाम हा वर्ग ३ म्हणून जो स्वतंत्र प्रकार ठरला, तो महसुली दप्तरात आजतागायत त्याच नावाने ओळखला जातो.

दुसरा प्रकार पायऱ्या बांधण्याचा, आणि या बाबतीत मावळचा एक ऋणानुबंध पार नाशिकच्या डोंगराशी जुळलेला आहे. परंदवडीच्या शेजारचे तळेगाव हे सेनापती दाभाड्यांचे. खंडेराव दाभाडे यांना १७१७ च्या सुमारास सेनापतिपद लाभले. त्यांच्या पत्नी उमाबाई या अभोण्याच्या ठोके देशमुखांच्या कन्या. अभोणे हे गाव सप्तशृंगीच्या डोंगराच्या छायेत आहे. १७२९ साली पतीचे निधन झाले, आणि १७३१ साली डभईच्या रणात बाजीराव पेशव्यांशी लढताना थोरला मुलगा त्रिंबकराव पडला. अशा आघातांतही सरंजामाचा कारभार ज्या धैर्याने या बाईंनी सांभाळला, त्याची योग्य ती आठवण आपण ठेवलेली नाही. सप्तशृंगीच्या कड्यावर देवीच्या पायांपर्यंत नेणाऱ्या सुमारे पावणेपाचशे पायऱ्या त्यांनीच बांधविल्या असे परंपरा सांगते. माहेरच्या देवीची वाट सासरच्या दौलतीतून बांधली गेली, या गोष्टीत मला एक विलक्षण औचित्य दिसते. ज्यांना उभा कडा चढणे अशक्य होते अशा वृद्धांना, गर्भिणींना आणि लेकुरवाळ्यांना त्या पायऱ्यांनी देवदर्शन सुलभ केले. भीमाशंकराच्या देवळाच्या शिखराशी नाना फडणविसांचे नाव निगडित आहे आणि ते सार्थच आहे. परंतु शिखर डोळ्यांना सुखविते, पायरी पायांना. आणि यात्रेकरूच्या दृष्टीने पाहता मी पायरीचे पुण्य अधिक मानतो.

एकोणिसाव्या शतकात वाट पालटली, आणि इतकी पालटली की मागील अठराशे वर्षांत तसे काही घडले नव्हते. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८५६ मध्ये मुंबईकडची रेल्वे घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस आली, १८५८ च्या जूनमध्ये खंडाळ्याहून पुण्याकडे गाडी धावू लागली, आणि मधला चढ प्रवाशांनी पालखीत बसून, तट्टावरून किंवा पायी ओलांडावा अशी काही वर्षे गेली. अखेर १८६३ च्या एप्रिलमध्ये घाटातील लोहमार्ग पुरा होऊन मुंबई आणि पुणे एका रुळाने जोडली गेली. या मार्गासाठी सहस्रावधी मजुरांनी प्राण वेचले, आणि सिअगुतणिकेचे नाव जसे दगडावर राहिले, तसे त्यांपैकी कोणाचेही राहिलेले नाही.

आता याचा देवीशी संबंध पाहा. एकवीरा ही मुख्यतः समुद्रकाठच्या लोकांची कुलस्वामिनी. कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा कोकणपट्टीवरील अनेक ज्ञातींचे ते दैवत. रेल्वेपूर्व काळी वरळीच्या किंवा वसईच्या कोळ्याने कार्ल्याला यावयाचे, तर होडीने खाडी गाठावी, तेथून पायी घाटाचा पायथा, मग घाट, मग मावळातील मुक्काम, असा अनेक दिवसांचा खटाटोप होता. तो मासेमारीच्या हंगामात परवडणारा नव्हता. आणि म्हणून घराण्यातील एखादाच पुरुष सर्वांच्या वतीने नवस फेडून येई. १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली, आणि देवीच्या आवारातील बांधकामाचा जो लेख आहे तो शके १७८८ चा, म्हणजे १८६६ सालचा असून त्यात वरळीकर भक्तांची नावे आहेत. तीन वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी एकमेकींपासून अलग आहेत असे मानणे मला तरी जड जाते. वाट सुलभ होताच समुद्राने आपली देणगी डोंगरावर पाठविली. आणि गंमत नव्हे तर इतिहासाची साखळीच अशी की, सोपाऱ्याचा सातिमित ज्या किनाऱ्यावरून कार्ल्याला आला होता, त्याच किनाऱ्यावरचे वसईकर आज मळवली स्थानकावर उतरतात.

चैत्र शुद्ध षष्ठीला यात्रेस आरंभ होतो. त्या दिवशी मान देवीच्या भावाचा. देवघर येथील काळभैरवनाथाची पालखी निघते, कारण बहिणीच्या घरचे मंगलकार्य भावाच्या मानपानावाचून सुरू होत नाही. सप्तमीला देवीची पालखी आणि अष्टमीला तेलवण. पेण, चौल, अलिबाग, उरण, ठाणे अशा ठिकठिकाणांहून पालख्या येतात, आणि कोणत्या गावाच्या मंडळींनी कोठे खांदा द्यावा याचे हक्क परंपरेने ठरलेले आहेत. वतनदारीचा काळ लोटला तरी या मानाला ढळ लागलेला नाही. पायथ्याच्या वेहेरगावच्या पायऱ्यांवरून ही मंडळी वर जाऊ लागली म्हणजे जे दृश्य दिसते ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. दोहो बाजूंच्या दुकानांत खण, नारळ, हळदकुंकू, वेण्या आणि पेढे यांची आरास. मध्ये बँडच्या तालावर पालखी खांद्यावर घेऊन नाचणारे तरुण, त्यांच्या डोक्यावर लाल टोप्या. मागे काष्ट्याचे लुगडे नेसलेल्या, अंगभर सोने ल्यालेल्या कोळणी, डोक्यावर ओटीची परडी एका हाताने सावरीत आणि दुसऱ्या हाताने म्हाताऱ्या सासूचा दंड धरीत. आणि त्यांच्यामागे नवसाचा बोकड ओढीत चाललेले पोर. चार पायऱ्या चढून म्हातारी टेकते, पाण्याचा घोट घेते, ‘आई माऊलीचा उदो’ म्हणते आणि पुन्हा उठते. तिला कोणी घाई करीत नाही. देवीच्या दारी पोहोचण्यापूर्वीच देवीची भेट होते ती या चढणीवर.

त्याच चढणीवर दुसऱ्या प्रकारचे यात्रेकरूही दोनशे वर्षांपासून येत आहेत. १८०९ साली मारिया ग्रॅहम ही इंग्रज लेखिका कार्ल्याला येऊन गेली, १८२५ मध्ये बिशप हेबर आला, आणि त्यांच्यामागून चित्रकार, स्थापत्यज्ञ आणि लिपिज्ञ यांची रीघ लागली; ब्राह्मी लेख उलगडले, आणि पांडवांच्या खात्यावरची कृती पुन्हा भूतपालाच्या आणि धेनुकाकटच्या यवनांच्या नावे लागली. १९०४ च्या कायद्याने प्राचीन स्मारकांना सरकारी संरक्षण मिळू लागले. त्यामुळे आज कार्ल्याच्या एकाच कातळावर दोन अंमल नांदतात: चैत्य पुरातत्त्व खात्याकडे आणि देऊळ देवस्थानाकडे, एकीकडे तिकीट, दुसरीकडे दर्शनाची रांग. यात्रेच्या दिवशी ही रांग चैत्याच्या दारावरूनच पुढे सरकते, आणि रांगेतील बहुसंख्य लोक आत डोकावीतही नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते. मूळच्या सागवानी कमानी अद्यापि छताला धरून असलेली अशी दालने भारतात फार थोडी आहेत. त्याचप्रमाणे केवळ चैत्य पाहण्यास आलेला सुशिक्षित मनुष्य देवीच्या दारावरून पाठ फिरवून जातो, याचीही खंत तितकीच आहे. कारण चैत्यात जे दोन हजार वर्षांपूर्वी घडत होते, ते देवीच्या दारी आजही घडत आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोटारींनी आणि २००२ साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने या वाटांवर तिसरा आघात केला. रेल्वेने यात्रेकरू वाढविले होते, पण स्थानकापासून डोंगरापर्यंत चालणे शिल्लक ठेवले होते. मोटारीने ते चालणेही संपविले. सप्तशृंगीला २०१८ पासून रुळावरची गाडी भक्तांना वर नेते, आणि एकवीरेच्या डोंगरावर रज्जुमार्ग करण्याच्या योजना सरकारदरबारी चर्चिल्या गेल्या आहेत. अपंगांची आणि वृद्धांची त्यामुळे सोय होते, आणि उमाबाईंनी पायऱ्या बांधल्या त्यामागेही हाच हेतू होता. तेव्हा अशा सोयींना सरसकट नावे ठेवणे मला मान्य नाही. माझी तक्रार निराळी आहे. सोय नवी करताना जुनी वाट मोडण्याचा अधिकार कोणाला नाही. मावळात गेल्या काही दशकांत जमिनींची खरेदी-विक्री विलक्षण वाढली, शेतांची फार्महाउसे झाली, त्यांभोवती काटेरी तारा आणि उंच भिंती आल्या, आणि गावागावांतून डोंगराकडे जाणाऱ्या पाऊलवाटा या कुंपणांनी मध्येच तोडल्या. पूर्वी डोंगराच्या पायथ्याची माणसे आपल्या घरून निघून बांधाबांधाने देवाकडे जात. आता त्यांना आपल्याच देवाला जाण्यासाठी महामार्गावरच्या वाहनांमधून जीव मुठीत धरून वळसा घालावा लागतो.

या वाटा दप्तरात मात्र आहेत. मोजणी खात्याने तयार केलेल्या गावनकाशांवर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखविलेली असते. तेव्हा परंदवडी, सोमाटणे, शेलारवाडी, वेहेरगाव आणि डोंगरालगतच्या इतर गावांतील वाचकांना माझी विनंती आहे की, त्यांनी आपल्या गावाचा नकाशा एकदा हाती घ्यावा, ती तुटक रेषा कोठून कोठे जाते ते वडीलधाऱ्या माणसांना बरोबर घेऊन प्रत्यक्ष जमिनीवर पाहावे, जेथे ती बुजविली गेली असेल तेथे ग्रामसभेत ठराव करून तहसीलदारांकडे अर्ज द्यावा, आणि हे काम पुढच्या यात्रेपूर्वी करावे. नकाशाची नक्कल वडगाव येथील भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केल्यास मिळते.